हाव्रानेकच्या गढीवरच्या अडतीस जणी

९ सप्टेंबर १९९१, सोमवार

नाकाला रुमाल लावून जेवणघरात आले! आमच्या बायका जेवत असताना!

तिघं होते. आमचे संचालक कोत्रबा, ब्रनोहून आलेला शिम्सा नावाचा इंजिनियर आणि त्याच्याबरोबरची फोटो काढणारी बाई. जेवायला शेपूच्या पांढऱ्या रश्श्यात उकडलेली अंडी आणि बटाटे होते. शेपूचा वास येतो, कबूल. पण रुमाल? व्लास्तानं त्या बाईपुढे आपल्या ताटातला बटाटा धरला. पाहुण्याला विचारायचं असतं, एवढं तिला इतक्या वर्षांत आम्ही नक्की शिकवलंय. बाई दोन पावलं मागे सरली. व्लास्ता हात पुढे करून उभीच. शेवटी मीच तो बटाटा खाल्ला.

शिम्सानं खिशातून चाकू काढला आणि भिंतीवरचा हिरवा ऑइलपेंट खरवडला. खाली चुन्याची जुनी नक्षी निघाली – द्राक्षांचा वेल. "काय करून ठेवलंय इथं," तो कोत्रबांना म्हणाला. आम्ही तिथं नव्हतोच जणू. अडतीस मतिमंद बायका, मी धरून तीन नर्स आणि ऐंशी वर्षांची एक मठवासी सिस्टर – कुणीच नव्हतो.

संध्याकाळी उलगडा झाला. जुन्या मालकांच्या वारसानं, बॅरननं, गढीवर हक्क सांगितलाय. नवा कायदा आहे – अठ्ठेचाळीस साली सरकारनं बळकावलेलं वारसांना परत करायचं. चोरलेलं परत द्यावंच. पण इथं हॉटेल काढणार म्हणे, शिकारीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी! आणि आम्ही? जूनपर्यंत खाली गावात, साखर कारखान्यामागच्या सिमेंटच्या खोक्यात.

मी बुरुजातल्या माझ्या खोलीत बसून हे लिहितेय. खिडकीतून तिन्ही तळी दिसतात. एकोणीस वर्षांची असताना ह्या खोलीत आले, आता एकोणपन्नास. रुमालवाले मला इथून काढणार!

११ सप्टेंबर

कोत्रबांनी बोलावून सांगितलं, "द्राहा, गढीच्या इतिहासाची दोन पानं लिहून दे. तुझ्याइतकी माहिती कुणाला नाही." गोड बोलतात, म्हणजे काम फुकट करून हवं असतं.

लिहिलं. खरं खरं लिहिलं. ही गढी १५७४ साली एका सरदारानं बांधली. तळ्यांतल्या माशांवर गब्बर झालेला माणूस. पदरी पैसा आला, पण घराण्याला नाव नव्हतं; म्हणून इटलीहून गवंडी आणले, कमानींचा सज्जा उठवला, दिवाणखान्याच्या छतावर देव्या नाचवल्या. बायकोनं एक हिवाळा कसाबसा काढला आणि माहेरी निघून गेली. मुलानं गढी जुगारात घालवली. मग स्वीडिश फौज आली, दारं जाळून शेकली. मग शंभर वर्षं गढी म्हणजे धान्याचं कोठार. दिवाणखान्यात गहू, प्रार्थनाघरात जव. त्यानंतर मेंढ्या. खरंच – खालच्या मजल्यावर मेंढ्या, वरच्या मजल्यावर त्यांची लोकर. मेंढ्या इतकी वर्षं होत्या की फरशीला खळगे पडलेत.

१८४० मध्ये बॅरनच्या पणजोबांनी विकत घेतली. झुंबरं लागली, शिकारीची शिंगं लटकली. पहिल्या महायुद्धात जखमी अधिकाऱ्यांचं विश्रामगृह. दुसऱ्यात जर्मनांनी त्यांच्या पोरांची छावणी केली. रोज सकाळी अंगणात बिगुल. पंचेचाळीस साली रशियन आले, त्यांचे घोडे दिवाणखान्यात. त्यानंतर बॅरन कुटुंब परतलं, तीन वर्षं राहिलं आणि पळालं. मग सहकारी सोसायटीचं बियाणं. आणि बावन्न साली मठांतून हुसकलेल्या सिस्टर्सना ट्रकांत घालून इथं आणून सोडलं, बरोबर चाळीस मतिमंद मुली. "सांभाळा," म्हणाले. ना पाणी, ना शेगडी. छतावरच्या देव्या बियाण्याच्या धुळीनं काळ्या झालेल्या. सिस्टर अक्विना सांगतात, पहिल्याच आठवड्यात त्यांनी शिडी लावून त्या देव्यांच्या छातीवर चुना फासला.

चारशे वर्षांत ह्या गढीत माणसांनी माणसांसाठी काही केलं असेल तर ते ह्या शेवटच्या चाळीस वर्षांत. हे वाक्यही लिहिलं.

२० सप्टेंबर

पानं टाईप होऊन आली. स्वीडिश आहेत. मेंढ्या आहेत. घोडेसुद्धा आहेत! बावन्नपासून पुढचं सगळं कापलंय. त्याच्या जागी एक ओळ: 'त्यानंतर वास्तूचा वापर आरोग्यविषयक कारणांसाठी झाला.'

कोत्रबांना विचारलं तर म्हणाले, हॉटेलच्या पाहुण्यांना जेवताना असलं वाचायला आवडत नाही.

किळस येते.

२१ सप्टेंबर

कोत्रबांनी सोबत नेऊन नवी इमारत दाखवतो म्हटलं. नाही गेले. खोकं काय बघायचं!

४ ऑक्टोबर, शुक्रवार

क्रमानं लिहिते.

शिम्साबरोबरच्या फोटोवाल्या बाईनं जुन्या फोटोंची पेटी पाठवली होती. बॅरनच्या घरचे फोटो – कुठली खोली कुठली ते मी मागे लिहून द्यायचं. मी ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरले. शेजारी तेरेज्का बटाटे सोलत होती. तेरेज्का होवोर्कोवा. वय अठ्ठावन्न, डावा पाय ओढत चालते, महिन्यातून एकदा फेफरं येतं, दिवसाला चार वाक्यं बोलते. बटाटे मात्र असे सोलते की सालीतून उजेड दिसावा. तीस वर्षं आम्ही दोघी त्याच टेबलाशी.

एक फोटो सज्ज्यातला. वेताच्या खुर्चीत बॅरनीण, पायाशी पांढरा ठिपकेदार कुत्रा. तेरेज्कानं सुरी ठेवली. एप्रनला बोट पुसलं आणि कुत्र्यावर ठेवलं.

"फ्लॉक."

मी हसले. म्हटलं, कोण गं फ्लॉक?

"फ्लॉक. चावायचा." मग बोट सरकून खुर्चीतल्या बाईवर गेलं. "मम्मा."

आमच्या बायका कुणालाही मम्मा म्हणतात. टपाल आणणाऱ्या बाईलाही म्हणतात; मला तेवढं मावशी. मी फोटो उचलला, मागे खोलीचं नाव लिहावं म्हणून उलटा केला. मागे पेन्सिलीनं जुन्या वळणात लिहिलं होतं – '१९३९, फ्लॉकसह.'

तेरेज्काला वाचता येत नाही.

५ ऑक्टोबर

सकाळच्या प्रार्थनेनंतर सिस्टर अक्विनांना गाठलं. फोटो पुढे ठेवला. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही.

"कळलं तर तुला," म्हणाल्या.

त्यांच्या तोंडून ऐकलं ते असं. त्या ट्रकमधून उतरल्या तेव्हा गढीच्या पहारेकऱ्याची बायको होवोर्कोवा एका एकोणीस वर्षांच्या मुलीला हाताशी धरून आली. माझी भाची आहे, हिलाही यादीत घ्या, म्हणाली. घेतलं. सात वर्षांनी ती बाई मरायला टेकली तेव्हा तिनं सिस्टरना खरं सांगितलं. अठ्ठेचाळीसच्या मार्चमध्ये बॅरन कुटुंब पायी सरहद्द ओलांडायला निघालं. मुलगी चौदाची. घाबरली की किंचाळायची. जंगलात किंचाळली असती तर सगळेच गेले असते. म्हणून तिला पहारेकऱ्याच्या स्वयंपाकघरात बसवून, हातात साखरेचा खडा देऊन गेले. सहा महिन्यांत नेतो, म्हणाले.

मी विचारलं, तुम्ही गप्प का राहिलात?

"कुणाला सांगू, पोरी? एकोणसाठ साली? बॅरनची मुलगी म्हणून तिच्या ताटात काय जास्त पडलं असतं? होतं तेही गेलं असतं."

"आणि नंतर?"

"नंतर सवय झाली."

सिस्टरांवर कधी चिडले नव्हते. आज चिडले. आणि पहारेकऱ्याच्या ज्या खोल्यांत आता आमचं धुणं धुतात, तिकडे दुपारभर बघत बसले.

९ ऑक्टोबर

गावच्या चर्चमध्ये जाऊन पाद्रीबाबांकडून बाप्तिस्म्याची वही काढवली. वरच्या ओळीत अर्नोश्त, १९२९. त्याखाली मारिया तेरेझिया, ३ मे १९३३. अर्नोश्त म्हणजेच आजचा बॅरन. तेरेझियापुढे मृत्यूचा रकाना कोरा.

पाद्रीबाबांनी वहीवर हात ठेवला. मग म्हणाले, "द्राहा, ह्याचा अर्थ कळतोय का? वारस दोन आहेत."

कळत होता. डोंगर चढताना धापसुद्धा लागली नाही.

१० ऑक्टोबर

पहिला विचार तेरेज्काचा यायला हवा होता. आला तो हा – आता आम्हाला इथून कुणी हलवू शकत नाही.

१६ ऑक्टोबर

कोत्रबांना सांगितलं. वहीची नक्कल टेबलावर ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली, उठून दार लावलं आणि घरच्यासारखं हसले.

म्हणाले, "छान शोध लावलास. पण तेरेज्काचा कायदेशीर पालक कोण? मी. संस्थेतल्या सगळ्यांचा मीच. मी तिच्या वतीनं सही करीन, तिचा वाटा भावाला जाईल, त्याबदल्यात नव्या इमारतीत तिला वेगळी खोली. विषय संपला."

म्हटलं, तिला विचारणार नाही?

"काय विचारू? तिला दोन आणि दोन येत नाहीत."

"तुम्हाला येतात. त्याचीच भीती वाटते."

हे वाक्य मी म्हणाले, म्हणजे म्हणाले! ह्या माणसानं अठ्ठ्याऐंशी सालापर्यंत कोटाला कम्युनिस्ट पक्षाचा बिल्ला लावला. बॅरनांच्या नावानं शिमगा करणारी भाषणं आमच्याच अंगणात ठोकली. आता त्याच बॅरनला 'महाराज' म्हणून पत्र लिहितो. मसुदा टाईपरायटरवर तसाच होता, मी वाचला.

२ नोव्हेंबर, शनिवार, मृतांचा दिवस

आज तो आला. बॅरन अर्नोश्त. बासष्ट वर्षांचा उंच माणूस, हिरवा लोकरी कोट, कातडी हातमोजे, पुस्तकातल्यासारखी भाषा. व्हिएन्नाहून आपल्या पूर्वजांच्या कबरीवर मेणबत्त्या लावायला.

त्यांची दगडी कबर डोंगराच्या उतारावर आहे. तिच्या भिंतीमागे आमच्या पुरलेल्या बायका. त्रेसष्ट जणी, पत्र्याच्या पट्ट्यांवर नंबर. दरवर्षी आम्ही सगळ्या मिळून तिथं मेणबत्त्या लावतो. आजही लावत होतो. भिंतीच्या त्या बाजूला बॅरन, शिम्सा आणि कोत्रबा. ह्या बाजूला आम्ही.

मी तेरेज्काचा हात धरला आणि भिंतीला वळसा घालून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. ठरवून नाही. पाय गेले.

म्हटलं, "बॅरन साहेब, ही तेरेझिया."

कोत्रबांचा चेहरा बघायला मिळाला, तेवढंच आजचं पुण्य! बॅरन मात्र दचकला नाही. हेच मला खुपलं. त्यानं हातमोजा काढला, पुन्हा घातला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "ही स्वतःच्या हातानं जेवते का?"

जी रोज चाळीस-बेचाळीस माणसांचे बटाटे सोलते तिच्याबद्दल! तिच्या तोंडावर! मी म्हटलं, तिलाच विचारा.

तेरेज्का त्याच्याकडे बघत होती. म्हणाली, "तू कोण?"

"अर्नोश्त."

तिनं विचार केला. "अर्नोश्त झाडावर चढायचा," ती म्हणाली. "मला नाही घ्यायचा."

तेव्हा तो रडला. उभ्या उभ्या, नाक गळेपर्यंत. शिम्सा दुसरीकडे बघू लागला. मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. म्हातारा, सुगंधी, रडणारा माणूस – मला त्याच्या ओल्या मिशांचीच शिसारी आली.

"मला सांगितलं होतं की ती गेली," तो म्हणाला.

मी विचारलं, "कुणी सांगितलं?"

त्यानं मिशा पुसल्या. मग म्हणाला, "कुणीच नाही. आम्ही घरात तसं ठरवलं होतं."

तेरेज्कानं त्याच्या हातातली मेणबत्ती काढून घेतली. ती विझली होती. तिनं ती आमच्या मेणबत्तीवर पेटवली आणि आमच्याच एका नंबरावर नेऊन ठेवली. तो तसाच उभा.

३ नोव्हेंबर

जाताना बॅरन माझ्याशी एकटा बोलला. त्याला तिच्याकडून काही हिसकावून घ्यायचं नाही म्हणे. हॉटेल झाल्यावर तिला एक सुंदर खोली देईल, आयुष्यभर. उन्हाची. "ती घरच्यासारखी राहील."

मी विचारलं, आणि बाकी सदतीस?

तो म्हणाला, बाई, मी एकटा माणूस आहे.

हे बाकी खरं असावं. ह्यानंही मला राग आला.

२५ नोव्हेंबर

पाद्रीबाबांनी मजकूर सांगितला, मी टाईप केला, तालुक्याच्या न्यायालयाला टपालानं पाठवला. तेरेझियाच्या पालकपदावरून संचालकांना काढावं. त्यांचा स्वतःचा हेतू गुंतलेला आहे. त्या जागी मला नेमावं.

टपालखिडकीवरची मुलगी म्हणाली, मावशी, तुम्ही वेड्यांच्या गढीवरच्या ना? म्हटलं, हो, मी त्यातलीच.

२ डिसेंबर

कोत्रबांनी माझ्या पाळ्या बदलल्या. सगळी धुण्याची कामं माझ्याकडे. गढीत बाकीच्या दोघी नर्स माझ्याशी बोलत नाहीत. त्यांना नव्या इमारतीत घराजवळ नोकरी मिळणार आहे, मी खोडा घातला. काल एक जण म्हणाली, "तुला काय, तुला ना घर ना दार. आम्हाला रोज हा डोंगर चढावा लागतो."

ओल्या चादरी पिळून बोटं फुटलीत. चादरी बॅरनच्या आजीच्या नाचघरात वाळताहेत. वाळोत. ती नाचली त्यापेक्षा माझ्या चादरींनी ह्या खोलीचं जास्त चीज केलं.

२४ डिसेंबर

मासा, बटाट्याची कोशिंबीर. व्हिएन्नाहून 'मुलींसाठी' संत्र्यांची पेटी. मुली! सर्वांत धाकटी एकेचाळीस वर्षांची आहे.

संत्री गोड होती. मी दोन खाल्ली.

१८ जानेवारी १९९२, शनिवार

तीन दिवस बर्फ. व्लास्ताला ताप चढला, श्वास शिट्टीसारखा. रुग्णवाहिका दुसऱ्या वळणावरच अडकली. तिला घोंगड्यांत गुंडाळून स्लेजवर बांधलं आणि मी आणि पहारेकरी दोर धरून खाली घेऊन गेलो. दीड तास लागला. व्लास्ता सबंध वेळ माझ्याकडे बघत होती, एकदाही रडली नाही.

दवाखान्यातला तरुण डॉक्टर म्हणाला, "चार तास आधी आणायला हवं होतं. माणसं तिथं ठेवतात कोण?"

रुमालवाल्यांचाच भाऊ! म्हटलं, आम्ही हे तीस वर्षं करतोय. आमची कुणी दोर सुटून पडलेली नाही.

२१ जानेवारी

व्लास्ता गेली. न्यूमोनिया. चौसष्टावा नंबर. जमीन इतकी गोठलेली की खणता येईना. शव खाली गावातच ठेवलंय.

ह्याला कोत्रबा जबाबदार आहे. नवा बॉयलर मागून चार वर्षं झाली. आता कशाला घालायचा, असं म्हणाला होता.

२२ जानेवारी

तिची जागा लगेच भरून आली. नवी बाई, येवा, बासष्टची. पुन्हा अडतीस. कोत्रबांना आकडा कमी झालेला चालत नाही.

२० फेब्रुवारी

न्यायालयाचं पत्र! न्यायाधीश राकोवा बाई १२ मार्चला स्वतः गढीवर येणार. 'संबंधित व्यक्तीचं म्हणणं जाणून घेण्यासाठी.' पाद्रीबाबा म्हणतात, असं त्यांनी उभ्या जन्मात ऐकलं नाही. न्यायाधीश येऊन आमच्यातल्या एखादीला विचारणार!

कोत्रबांनी पत्र वाचून ते माझ्या टोपलीत टाकलं. "बघू, तुझी तेरेज्का काय बोलते," म्हणाले.

५ मार्च

कोत्रबा तेरेज्काला त्यांच्या खोलीत बोलावतात. चॉकलेट देतात. बाहेर आली की तोंडाला तपकिरी डाग. मी विचारलं, साहेब काय म्हणाले? "नवं घर छान." असं तिच्याकडून घोकून घेतात! लहान मुलाला पढवावं तसं! लाज कशी वाटत नाही?

मीही तयारी सुरू केली. बटाटे सोलताना विचारायचं – तेरेज्का, तुला कुठं राहायचंय? तिनं म्हणायचं – इथंच, गढीवर. म्हटलं की खसखस भरलेला बन.

८ मार्च

आज सहापैकी पाच वेळा बरोबर म्हणाली.

१२ मार्च, गुरुवार

राकोवा बाई अकरा वाजता आल्या. गाडी शेवटच्या वळणाखाली सोडावी लागली, गुडघ्यापर्यंत चिखल. पंचावन्नच्या असाव्यात, आखूड केस, हातात शाळकरी दप्तर. कोत्रबांनी कॉफी आणि खुर्ची तयार ठेवली होती. बाईंनी विचारलं, तेरेझिया ह्या वेळी कुठे असतात? म्हटलं, स्वयंपाकघरात. म्हणाल्या, मग तिकडेच.

रुमाल काढला नाही. आज आंबट कोबी होता, तरीही.

टेबलाशी बसल्या. दुसरी सुरी मागितली आणि बटाटा सोलायला घेतला. साल जाड निघाली. तेरेज्कानं ती उचलली, उजेडात धरली आणि मान हलवली. बाई म्हणाल्या, "दाखवा मला." तेरेज्कानं दाखवलं. मला वाटलं, आता हिच्या हातून आमचं वाईट होणार नाही.

मग बाईंनी मान वर केली. कोत्रबांना म्हणाल्या, आपण बाहेर थांबा. कोत्रबा गेले. मी ओट्याशी उभी होते. खिशात बन होता – शपथ, सवयीनं आलेला.

"तुम्हीही," बाई मला म्हणाल्या.

मी म्हटलं, ती माझ्याशिवाय बोलत नाही.

"बघू या."

दाराबाहेर बाकावर मी आणि कोत्रबा, शेजारी शेजारी. पाऊण तास. आतून काही ऐकू येईना. मध्येच एकदा कुणीतरी हसलं. तेरेज्का. तिला हसताना मी किती वर्षांत ऐकलं नव्हतं, ते आठवेना. कोत्रबांनी चॉकलेटची वडी काढून अर्धी मला देऊ केली. मी घेतली नाही. मग खिशातला बन काढला आणि खाल्ला. दोघं एकमेकांकडे न बघता चावत होतो. ह्या माणसाच्या आणि माझ्या बसण्यात फरक काय, असं मनात आलं, आणि मी बाकाच्या टोकाला सरकले.

बाई बाहेर आल्या, निकाल नंतर कळवीन म्हणाल्या आणि चिखलातून उतरल्या.

तेरेज्काला विचारलं, काय सांगितलंस? ती म्हणाली, "सांगितलं." आणि बादली उचलून पाणी आणायला गेली.

१३ मार्च

राकोवा बाईंचा फोन. पालक म्हणून मला नेमतायत. पण आधी तुम्हाला माहीत असावं, म्हणाल्या. तेरेझियाला खाली राहायचंय. गावात. खिडकीसमोरून लोक जातात अशा ठिकाणी. तीनदा विचारलं, तीनदा तेच.

दिवसभरात बाकीच्या सदतीस जणींना विचारलं. एकेकीला, एकटीला. हातात काही न घेता. चौघींना मी काय विचारतेय ते कळलं नाही. तिघी म्हणाल्या, मावशी जिथं, तिथं. तीस जणी म्हणाल्या – खाली.

तीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

राकोवा बाईंनी तिला आणखी एक विचारलं होतं. मग ह्या गढीच्या तुमच्या अर्ध्या वाट्याचं काय करायचं?

"मावशीला द्या," तेरेज्का म्हणाली होती. "तिला आवडते."